बाटलीची मागची बाजू आधी वाचा : खोकल्याचं औषध निवडताना

बाबांना सर्दी झाली होती आणि चार दिवस खोकत होते. मी औषधाच्या दुकानात जाऊन म्हटलं, "खोकल्याचं काहीतरी चांगलं द्या." मिळालेली बाटली घरी आणली, त्यांना दिवसातून तीनदा पाजली. दुसऱ्या रात्री त्यांची लघवी अडकली. ओटीपोट दगडासारखं कडक झालं होतं आणि त्यांना एका जागी बसवेना. रुग्णालयात नळी घालावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी बाटली मागितली, उलट्या बाजूने धरली आणि बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं : क्लोरफेनिरामिन मॅलिएट. बाबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती आणि हे मला माहीत होतं. अशा माणसाची लघवी या घटकाने अडू शकते, ही सूचना बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेली होती. मी तो कागद उघडलाच नव्हता.

त्या रात्रीनंतर घरात येणारं प्रत्येक औषध मी मागच्या बाजूने वाचतो. चिठ्ठीशिवाय मिळणारं खोकल्याचं औषध ज्यांना पहिल्यांदाच स्वतः निवडायचं आहे, त्यांच्यासाठी त्या वाचनाची रीत इथे क्रमाने लिहितो आहे.

पायरी १ : हा खोकला दुकानात सुटणारा आहे का?

दुकानाची पायरी चढण्याआधी हे ठरवायचं. साध्या सर्दीबरोबर आलेला खोकला जवळपास नेहमी विषाणूंमुळे असतो आणि आपोआप बरा होतो. पण पुढच्यापैकी काहीही असेल तर औषधाची निवड तुमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे आहे :

- खोकल्यातून रक्त पडणं
- धाप लागणं, श्वास घेताना छातीत शिट्टीसारखा आवाज येणं किंवा ओठ निळसर दिसणं
- छातीत दुखणं
- जोराचा ताप न उतरणं, किंवा उतरून बरं वाटल्यावर पुन्हा चढणं
- वजन घटणं, रात्री घामाने अंथरूण भिजणं
- वृद्ध माणूस खोकल्याबरोबर अचानक गोंधळल्यासारखा वागणं
- काहीतरी खाताना किंवा खेळताना मुलाला अचानक ठसका लागून खोकला सुरू होणं; श्वासनलिकेत वस्तू अडकलेली असू शकते
- एकामागून एक उबळ येऊन शेवटी श्वास आत ओढताना "हूप" असा आवाज होणं, म्हणजे डांग्या खोकल्याची शंका

लहान मुलांच्या बाबतीत मोजून बघता येईल अशी एक खूण आहे. मूल शांत असताना, रडत नसताना, त्याचं पोट-छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २ महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. आकडा एवढा किंवा याच्या वर गेला किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, तर बाटली शोधत बसू नका, मुलाला उचलून डॉक्टरांकडे न्या.

आता दिवसांचं गणित. खोकला आठवड्यात गेला पाहिजे अशी बहुतेकांची समजूत असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लोकांची अपेक्षा ७ ते ९ दिवसांची निघाली, आणि प्रत्यक्षात खोकला सरासरी सुमारे १८ दिवस टिकतो असं दिसलं. म्हणजे दहाव्या दिवशी थोडाफार खोकला उरला आहे आणि बाकी तब्येत सुधारते आहे, तर औषध "लागू पडलं नाही" असं नसतं. खोकल्याची चालच तशी असते. या एका गैरसमजापायी माणसं दहाव्या दिवशी दुसरी बाटली, बाराव्या दिवशी तिसरी बाटली आणि मग घरात पडलेलं प्रतिजैविक असं चढत जातात. प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत. बेडका पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून तर मुळीच घाबरू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही दिसतो.

मात्र खोकल्याला दोन आठवडे होऊन गेले आणि तो कमी व्हायचं नाव घेत नसेल, तर तपासून घ्या. ज्या भागात क्षयरोग जास्त आहे तिथे दोन आठवड्यांचा खोकला हे क्षयरोगाची तपासणी करायला पुरेसं कारण मानतात. आणि आठ आठवड्यांच्या वर गेलेला खोकला म्हणजे जुनाट खोकला. त्याचं मूळ दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव, पोटातलं आम्ल वर येणं, तंबाखूचा धूर यांपैकी कशात तरी बहुतेकदा असतं. ते मूळ सिरपने हलत नाही.

पायरी २ : खोकला ऐका

एक रात्र लक्ष देऊन ऐका. खोकल्यावर घशातून काही सुटतं का? छातीत खरखर होते का? की नुसती घशात खाज, गुदगुली, आणि एकदा ढास लागली की थांबत नाही? पहिला ओला खोकला, दुसरा कोरडा.

हा भेद का महत्त्वाचा, तर खोकला हे शरीराचं झाडू मारण्याचं काम आहे. छातीत कफ असेल तर तो बाहेर यायलाच हवा. अशा वेळी खोकला दाबून टाकणारं औषध घेतलं तर कफ आतच राहतो. कोरड्या खोकल्यात मात्र बाहेर काढण्यासारखं काही नसतं. घशाची आतली कातडी सर्दीने हुळहुळी झालेली असते, ती मेंदूला उगाच संदेश पाठवत राहते, आणि प्रत्येक खोकल्याने ती आणखी सोलवटते. इथे थोडा आराम द्यायला हरकत नाही, विशेषतः झोप मोडत असेल तर.

खोकला कधी येतो हेही टिपा. आडवं झालं की येतो आणि नाक गळतं आहे, तर घशात मागून स्राव उतरत असणार. पहाटे येतो, धावल्यावर येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, तर दम्याचा विचार करायला हवा. जेवून लगेच झोपलं की येतो आणि तोंडात आंबट येतं, तर कारण पोटात आहे. यातला पहिला प्रकार सोडला तर बाकीच्यांना दुकानातल्या खोकल्याच्या औषधाचा उपयोग नाही.

पायरी ३ : बाटली फिरवा

बाटलीची पुढची बाजू विकण्यासाठी असते. ठसठशीत नाव, पानं, फुफ्फुसांचं चित्र, "जलद आराम". शिवाय एकाच नावाच्या मागे थोड्याफार अक्षरांच्या फरकाने चार वेगवेगळी औषधं असतात, त्यामुळे "मागच्या वेळी लाल बाटलीने बरं वाटलं होतं" या आठवणीवर विसंबता येत नाही. मागे "प्रत्येक ५ मिलिमध्ये" अशी ओळ आणि तिच्याखाली नावांची यादी असते. ती यादी म्हणजे खरं औषध. नावं अवघड वाटतात, पण नेहमी फिरून तीच ती येतात.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन. खोकला दाबणारं. हे मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं, म्हणून कोरड्या खोकल्यासाठी. मोठ्या माणसाला दर ४ तासांनी १० ते २० मिलिग्रॅम, किंवा ६ ते ८ तासांनी ३० मिलिग्रॅम, आणि २४ तासांत मिळून १२० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काही गोळ्यांशी जुळून शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बेसुमार वाढतं, आणि एमएओआय प्रकारच्या (नैराश्यावरच्या एका जुन्या गटातल्या) गोळ्या बंद केल्यानंतरही १४ दिवस हे औषध चालत नाही.

ग्वायफेनेसिन. कफ पातळ करून सुटायला मदत करणारं. ओल्या खोकल्यासाठी. मोठ्यांना दर ४ तासांनी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत. बरोबर भरपूर पाणी प्यायला हवं.

ब्रोमहेक्सिन, ॲम्ब्रॉक्सॉल. हीसुद्धा कफ पातळ करणारीच. पोटात व्रण असणाऱ्यांनी जपून. क्वचित यांनी अंगावर गंभीर पुरळ उठू शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१५ मध्ये ही सूचना लेबलवर घालायला सांगितली. कातडीवर चट्टे दिसले की औषध तिथल्या तिथे बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा.

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन. ॲलर्जीची जुनी औषधं. नाक गळणं सुकवतात, झोप आणतात. पुष्कळदा सिरप घेतल्यावर "खोकला थांबला, शांत झोप लागली" असं वाटतं ते या गुंगीमुळे. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही. म्हाताऱ्या माणसांना यांनी झोकांड्या जातात, तोंड कोरडं पडतं, आणि आमच्या घरी झालं तसं होऊ शकतं. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांनाही ही चालत नाहीत. छातीत घट्ट कफ असताना ही घेतली तर तो आणखी चिकट होऊ शकतो.

फिनाइलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन. बंद नाक मोकळं करण्यासाठी. दोन्हींनी रक्तदाब आणि हृदयाची धडधड वाढू शकते. फिनाइलएफ्रिनबद्दल तर मला स्पष्टच लिहायचं आहे. २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे नेहमीच्या मात्रेत घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही. खोकल्याशी तर त्याचा संबंधच नाही. तरी ते कितीतरी मिश्रणांत आहे. ज्याचा फायदा दिसत नाही आणि ज्याने रक्तदाबाला धक्का बसू शकतो, ते पोटात घालायचं कशाला?

पॅरासिटामॉल. ताप-अंगदुखीसाठी, हे सगळ्यांच्या ओळखीचं. धोका असा की "सर्दी-खोकल्याच्या" मिश्रणात ते आधीच असतं आणि आपण तापासाठी वेगळी गोळीही घेतो. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. दोन ठिकाणहून नकळत घेतलं तर ती ओलांडली जाऊ शकते आणि यकृताला इजा होऊ शकते.

साल्ब्युटामॉल, टर्ब्युटालिन. ही दम्याची औषधं, श्वासनलिका रुंद करणारी. साध्या सर्दीच्या खोकल्यात उपयोग नाही. हात थरथरणं आणि छाती धडधडणं तेवढं पदरी पडतं. यादीत दिसली आणि तुम्हाला दमा नसेल, तर बाटली परत द्या.

कोडीन. अफूच्या कुळातलं. सवय लागते, श्वास मंदावतो. बहुतेक ठिकाणी ते चिठ्ठीशिवाय मिळू नये असा नियम आहे. कुणी सहज पुढे केलं तरी घेऊ नका, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने तर नाहीच. फोल्कोडीन हे त्याचं भावंड. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या औषधांची जीवघेणी ॲलर्जी त्याच्यामुळे होऊ शकते असं दिसल्यावर ब्रिटनमध्ये ते २०२३ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं.

आता एक यादी प्रत्यक्ष वाचू. समजा बाटलीवर असं लिहिलं आहे : प्रत्येक ५ मिलिमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम, ग्वायफेनेसिन ५० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम, फिनाइलएफ्रिन ५ मिलिग्रॅम. एक घटक खोकला दाबतो, दुसरा कफ बाहेर काढायला सांगतो. म्हणजे एकाच घोटात "खोक" आणि "खोकू नको". तिसरा कफ सुकवतो, चौथ्याचा उपयोग नाही. आणि ग्वायफेनेसिन बघा : १० मिलि घेतलं तरी पोटात १०० मिलिग्रॅम गेलं, मोठ्या माणसाला किमान २०० लागतात. चार घटकांचे चारही दुष्परिणाम मात्र पूर्ण मिळाले. ज्याला फक्त कोरडी ढास लागली आहे त्याने यातले तीन घटक विनाकारण घेतले.

म्हणून माझा नियम एवढाच : एक तक्रार, एक घटक. कोरडा खोकला झोपू देत नसेल तर फक्त डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप. कफ सुटत नसेल तर फक्त ग्वायफेनेसिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल. अशा साध्या बाटल्या फळीवर मागे असतात, मुद्दाम मागाव्या लागतात.

आणि हेही माहीत असू द्या की या औषधांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या गोळा करून पाहिल्या, तेव्हा दुकानात थेट मिळणारी खोकल्याची औषधं उपयोगी आहेत किंवा नाहीत, यांपैकी कशाच्याच बाजूने भक्कम पुरावा मिळाला नाही. औषध नसलेल्या नुसत्या गोड पाकानेही खोकला कमी झाल्याचं चाचण्यांमध्ये दिसतं, कारण दाट गोड द्रव घशाला लेपासारखा बसतो. खोकला त्रास देत नसेल, झोप नीट लागत असेल, तर काहीच न घेणं हा पूर्णपणे शहाणा निर्णय आहे.

पायरी ४ : घेणारा कोण आहे?

औषध माणसाला द्यायचं असतं, खोकल्याला नाही. दुकानात बोलण्याआधी हे मनाशी जुळवा : वय, जुने आजार, रोजच्या गोळ्या, गरोदरपण.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी इथे एक वेगळीच गोष्ट आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशी शेवटी "प्रिल" असलेली गोळी चालू असेल, तर कोरडा, चिवट खोकला हा त्या गोळीचाच दुष्परिणाम असू शकतो. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनीही तो लागतो. सर्दी नाही, ताप नाही, कफ नाही, आणि आठवडेच्या आठवडे घशात गुदगुली. माणसं यावर बाटल्यांमागून बाटल्या संपवतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते दुसऱ्या गटातली गोळी देतात आणि खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित थोडा जास्त वेळ लागतो.

मधुमेह असेल तर साखर नसलेलं सिरप मागा किंवा गोळीच्या रूपात घ्या. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर खोकला दाबणारं औषध स्वतःहून घेऊ नये. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर एकही बाटली विचारल्याशिवाय उघडू नका.

आणि मग फार्मासिस्टला नुसतं "खोकल्याचं द्या" म्हणण्याऐवजी असं सांगा : "वय ६८, तीन दिवस कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही, रात्री जास्त. रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. एकच घटक असलेलं काही आहे का?" गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटांचा फोटो काढून न्या. अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. हे बोलणं मी त्या दिवशी केलं असतं, तर बाबांची ती रात्र टळली असती.

लहान मुलांसाठी वेगळा विचार

लहान मुलं म्हणजे मोठ्या माणसांची छोटी आवृत्ती नव्हे, त्यामुळे मोठ्यांचं सिरप "अर्धा चमचा" करून देणं धोक्याचं आहे. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये २ वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची ही औषधं देऊ नका असं सांगितलं, आणि त्याच वर्षी तिथल्या कंपन्यांनी लेबलवर ४ वर्षांखाली देऊ नये असं छापायला घेतलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून ही मर्यादा ६ वर्षांची आहे. मी स्वतः ६ वर्षांचीच धरतो. या वयात फायदा दिसलेला नाही, आणि जास्त झोप, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं असे अपाय मात्र नोंदले गेले आहेत.

मग करायचं काय? एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्दी झालेल्या मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि काहीही न देणं, यांची तुलना झाली होती. आईवडिलांनी मधाला सर्वांत चांगलं ठरवलं. एक वर्षाखालील बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नका. त्यात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब, आणि थोडं थोडं पाणी किंवा दूध. उकळत्या पाण्याच्या भांड्यासमोर मुलाला वाफ द्यायला बसवू नका. भांडं कलंडून भाजण्याचे प्रकार फार होतात. चघळायच्या कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. कापूर-मेंथॉलचं मलम दोन वर्षांखालच्या बाळाला लावायचं नाही, आणि ते मुलाच्या हाती लागेल असं ठेवायचंही नाही, कारण कापूर पोटात गेला तर झटके येतात.

पायरी ५ : सील, तारीख, बॅच क्रमांक

इथे चालढकल नको. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात दूषित सिरपमुळे सुमारे ७० मुलं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबरमध्ये इशारा दिला तेव्हा चार सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. सिरपमध्ये वापरायच्या शुद्ध द्रावकाच्या जागी हे विषारी औद्योगिक द्रव शिरले की मूत्रपिंडं निकामी होतात. १९३७ मध्ये अमेरिकेत यातल्याच डायइथिलीन ग्लायकॉलने १०० हून अधिक माणसं गेली होती. चव आणि रंगावरून ते आपल्याला ओळखता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे : सील न तुटलेली बाटली, उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट छापलेली, परवाना असलेल्या दुकानातून, बिलासह. एखादी बॅच मागे घेतल्याची बातमी आली की त्या क्रमांकावरूनच शोध लागतो. आणि सिरप घेतल्यावर कुणाची लघवी अचानक कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर बाटली फेकू नका. ती घेऊनच रुग्णालयात जा.

पायरी ६ : माप

लेबलवरचा चमचा म्हणजे ५ मिलि. घरातला चमचा म्हणजे काहीही. एखाद्यात तीन मिलि मावतं, एखाद्यात सात. बाटलीबरोबर आलेला मापाचा पेला सपाट जागी ठेवा, डोळे त्याच्या रेघेच्या पातळीवर आणा आणि मग ओता. हातात उंच धरून वरून बघितलं की हमखास चुकतं. मुलांसाठी सुई नसलेली सिरिंज उत्तम, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायची.

मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजायची सवय लावा, कारण एका कंपनीच्या ५ मिलित १० मिलिग्रॅम असतं तर दुसरीच्या ५ मिलित १५. जुन्या बाटलीचं "दोन चमचे" नव्या बाटलीला लावलं की मात्रा दीडपट होते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचं नाही.

पायरी ७ : कधी थांबायचं

बाटलीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा. तीन-चार दिवसांत फरक वाटला नाही तर ते औषध तुमच्यासाठी नाही. त्यावर दुसरं चढवू नका, पहिलं बंद करा. आराम पडला की त्याच दिवशी थांबवता येतं, प्रतिजैविकांसारखा कोर्स पुरा करायची गरज नाही. सात दिवसांच्या पुढे स्वतःहून चालू ठेवू नका. बाटलीवरची मुदत सीलबंद बाटलीची असते. उघडल्यानंतर किती दिवस चालते ते कागदावर वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून उघडल्याची तारीखही त्याच पेनाने लिहून ठेवा.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद कपाटात ठेवा. गोड लागतं म्हणून मुलं ती तोंडाला लावतात. घरातल्या मुलाने ती प्यायल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणं दिसायची वाट न बघता बाटली हातात घेऊन निघा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना मागची बाजू वाचता येईल.